चुकून आलेल्या मुलीचे घर

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ, सेंट लॉरेन्सच्या आखातात, चंद्रकोरीसारखे वाकलेले एक बेट आहे. प्रिन्स एडवर्ड आयलंड हे त्याचे नाव. कॅनडाचा हा सर्वांत लहान प्रांत. लांबी सुमारे २२४ किलोमीटर आणि लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेप्रमाणे दीड लाखाहून थोडी अधिक, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. इथले मूळ रहिवासी मिकमॉ लोक. त्यांनी या भूमीला ‘पाण्यावर पहुडलेली’ अशा अर्थाचे नाव दिले होते. जूनमध्ये विमान खाली उतरू लागले की या नावातली अचूकता पटते. निळ्या पाण्यावर हिरव्या-तांबड्या चौकटींची गोधडी कुणी अलगद पसरून ठेवावी, तसे हे बेट दिसते.

तांबडा रंग मातीचा. या मातीत लोहाचा अंश भरपूर असल्याने रस्त्याच्या कडा, नांगरलेली शेते आणि समुद्रकाठचे कडे सारे लालेलाल दिसतात. कोकणात उन्हाळा काढलेल्या मराठी माणसाला पहिल्याच दिवशी ही माती ओळखीची वाटते. फरक एवढाच, की इथे तिच्यात आंबा-काजू नव्हे, तर बटाटा पिकतो. कॅनडात पिकणाऱ्या बटाट्यांचा फार मोठा वाटा या चिमुकल्या बेटाचा आहे. किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्या, शेवंड पकडण्याचे लाकडी सापळे, पांढरे दीपगृह आणि वाऱ्यावर डुलणारे ल्युपिनचे जांभळे तुरे, असे इथले एकंदर दृश्य असते.

पण दरवर्षी हजारो पर्यटक या बेटावर येतात, ते केवळ समुद्र आणि बटाट्याची शेते पाहायला नव्हे. त्यांना पाहायचे असते एक घर. ज्या मुलीचे घर म्हणून ते दाखवले जाते, ती मुलगी प्रत्यक्षात कधी जन्मलीच नव्हती!

हिरव्या त्रिकोणांचे घर

राजधानी शार्लटटाउनपासून मोटारीने पाऊण तासात आपण कॅव्हेंडिश या गावी पोहोचतो. तिथे एका उतारावर पांढरे, दुमजली, लाकडी शेतघर उभे आहे. त्याच्या उतरत्या छपराखालच्या त्रिकोणी भागांना हिरवा रंग दिला आहे. त्यावरूनच त्याला ‘ग्रीन गेबल्स’ म्हणतात. ल्यूसी मॉड मॉन्टगोमेरी या लेखिकेने १९०८ साली प्रसिद्ध झालेली ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ ही कादंबरी या घराभोवती गुंफली.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते. मॅथ्यू आणि मरिला हे पिकल्या केसांचे, अविवाहित बहीण-भाऊ. शेतीला हातभार लावायला अनाथाश्रमातून एक मुलगा आणावा असे ते ठरवतात. निरोप देताना काहीतरी घोटाळा होतो आणि स्टेशनवर उतरते ती अकरा वर्षांची, लाल केसांची, अखंड बडबड करणारी अ‍ॅन. अबोल मॅथ्यूला तिच्या तोंडावर ‘तू नको आहेस’ असे म्हणवत नाही. मरिला मात्र व्यवहारी. दुसऱ्याच दिवशी ती मुलीला परत पाठवायला निघते. पण तिला कळते की या मुलीला राबवून घेण्यासाठी एक कजाग बाई टपलेलीच आहे. मरिला गाडी वळवते. अ‍ॅन घरी परत येते आणि कायमची राहते.

हे घर आज कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आहे. कादंबरीतल्या वर्णनाप्रमाणे त्याची मांडणी केली आहे. खालच्या मजल्यावर हृदयविकाराच्या मॅथ्यूची खोली, जिना चढून वर गेले की अ‍ॅनची. तिथे फुगीर बाह्यांचा तपकिरी झगा ठेवला आहे. मरिलाच्या काटकसरीच्या घरात असला झगा म्हणजे चैन. पण सगळ्या मैत्रिणींच्या बाह्या फुगीर आणि आपल्या अ‍ॅनच्याच साध्या, हे त्या म्हाताऱ्याच्या लक्षात येते. बायकांशी बोलायलाही लाजणारा मॅथ्यू दुकानात जातो, बोलायचे धाडस न होऊन भलतेच सामान घेऊन येतो आणि शेवटी शेजारणीला गळ घालून नाताळसाठी तसा झगा शिवून घेतो. औदार्य म्हटले की आपल्याला मोठमोठ्या देणग्या आठवतात. ग्रीन गेबल्समध्ये ते दोन फुगीर बाह्यांत मावलेले असते.

स्वयंपाकघरातले टपालघर

ग्रीन गेबल्सपासून एक पायवाट झाडीतून जाते. तिला कादंबरीतले ‘हॉन्टेड वुड’, म्हणजे भुताटकीचे रान, हे नाव दिले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या फियोना वादळाने बेटावरची असंख्य झाडे पाडली. त्याच्या खुणा इथेही दिसतात. वाटेच्या पुढे काही अंतरावर जुन्या घराचा दगडी पाया तेवढा उरला आहे. इथे मॉन्टगोमेरी वाढली.

तिचा जन्म ३० नोव्हेंबर १८७४ चा, जवळच्याच क्लिफ्टन गावातला. (आता त्या गावाला न्यू लंडन म्हणतात.) ती पावणेदोन वर्षांची असताना आई क्षयाने गेली. वडील पोटापाण्यासाठी कॅनडाच्या दूर पश्चिमेला निघून गेले. मुलीला आजी-आजोबांनी सांभाळले. खाण्यापिण्याची आबाळ नव्हती, पण घर करड्या शिस्तीचे होते आणि सोबतीला बरोबरीचे भावंड नव्हते. १८९० मध्ये ती मोठ्या आशेने वडिलांकडे गेली. तिथे सावत्र आईने शाळा बंद करून तिला मूल सांभाळायला ठेवले. वर्षभरात ती पुन्हा आजोळी परतली. स्वतःचे माणूस असूनही पोरके वाटणे म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिला आधार मिळाला तो लेखनाचा. चौदाव्या वर्षी सुरू केलेली रोजनिशी तिने उभा जन्म लिहिली. गावाचे टपालघर आजोबांच्या स्वयंपाकघरातच होते, ही तिच्या दृष्टीने केवढी सोय! मासिकांना कविता-कथा पाठवायच्या, ‘साभार परत’ आल्या तर गुपचूप लपवून ठेवायच्या, गावात कुणाला पत्ताही लागू द्यायचा नाही. शिक्षिकेची नोकरी करताना ती लिहीत राहिली. १८९८ मध्ये आजोबा वारल्यावर नोकरी सोडून ती आजीच्या सोबतीला आली. पुढे हॅलिफॅक्सच्या वर्तमानपत्रातली थोड्या महिन्यांची नोकरी सोडली, तर १९११ मध्ये आजीचे निधन होईपर्यंत ती याच घरात राहिली. चूल, टपाल आणि म्हातारी आजी सांभाळून उरलेल्या वेळात तिने अ‍ॅनची गोष्ट लिहिली.

हस्तलिखित पाच प्रकाशकांनी नाकारले. तिने ते टोपी ठेवायच्या खोक्यात टाकून दिले. काही काळाने आवराआवर करताना ते हाती लागले, पुन्हा वाचताना तितकेसे वाईट वाटले नाही आणि तिने ते बॉस्टनच्या एका प्रकाशकाकडे धाडले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पुस्तकाची भाषांतरे जगातल्या छत्तीसहून अधिक भाषांत झाली.

गोष्टीमागची खरी मुले

अ‍ॅनच्या गोष्टीचे बीज लेखिकेच्या जुन्या टिपणवहीत सापडले. एका वृद्ध जोडप्याने आश्रमाकडे मुलगा मागितला आणि चुकून मुलगी आली, एवढीच ती नोंद होती. तसे खरोखर घडलेही होते. तिच्याच नात्यातल्या एका कुटुंबाकडे मुलाऐवजी एक चिमुरडी मुलगी आली आणि त्यांनी तिला ठेवून घेतले.

ग्रीन गेबल्सच्या खऱ्या मालकांची हकिकतही अशीच आहे. डेव्हिड आणि मार्गारेट मॅकनील हे दोघे अविवाहित, वयस्क भाऊ-बहीण. त्यांनी नात्यातल्या मर्टल नावाच्या मुलीला आपल्याजवळ वाढवले आणि पुढे हे शेत तिच्या व तिच्या पतीच्या, अर्नेस्ट वेबच्या, हाती आले. कादंबरी गाजू लागल्यावर लोक तिच्या अंगणात येऊन उभे राहत. १९३० च्या दशकात सरकारने राष्ट्रीय उद्यानासाठी हे शेत घेतले. मर्टलने अनेक वर्षे लिहिलेली रोजनिशीही आता पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहे. म्हणजे या घरात एक कल्पनेतली मुलगी दत्तक आली, त्याआधी एक खरी मुलगी इथे आधाराला येऊन घरची झाली होती.

मात्र सगळ्याच मुलांचे नशीब असे नव्हते. १८६९ पासून पुढच्या सुमारे ऐंशी वर्षांत ब्रिटनमधून एक लाखाहून अधिक मुले बोटीने कॅनडात पाठवली गेली. त्यांना ‘होम चिल्ड्रन’ म्हणत. त्यांतल्या बहुतेकांचे आई किंवा वडील हयात होते. घरी होते ते फक्त दारिद्र्य. काहींना मायेची माणसे भेटली, पण कितीतरी जण शेतावर आणि घरकामात राबवले गेले. कुणी मारहाण सोसली, कुणाला पुन्हा भावंडांचे तोंड दिसले नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत कॅनडाच्या संसदेने या मुलांची क्षमा मागणारा ठराव एकमताने संमत केला. मॅथ्यू-मरिलालाही मुलगा हवा होता तो कामालाच, हे आपण विसरता कामा नये. मूल कामाला आणणे आणि मूल घरात घेणे यांतले अंतर किती मोठे आहे, तेच ही कादंबरी दाखवते. मरिलाने गाडी वळवली तेव्हा तिने ते अंतर ओलांडले.

“आई, तुम्हालाही मुलगा हवा होता?”

बेटावरच्या या सफरीत माझ्याबरोबर टोरांटोला राहणारी माझी नणंद आणि तिची अकरा वर्षांची मुलगी होती. ही भाची भारतातल्या एका संस्थेतून दीड वर्षाची असताना त्यांच्या घरी आली. तिला हे लहानपणापासून ठाऊक आहे. अ‍ॅनच्या खोलीत झग्याकडे पाहता पाहता तिने एकदम विचारले, “आई, तुम्हालाही आधी मुलगाच हवा होता का गं?”

नणंद क्षणभर गप्प झाली. माझ्याही मनात आले, आता ही काय सांगणार?

“तुझ्या आजीला हवा होता,” ती शांतपणे म्हणाली. “फॉर्मवर काय लिहायचं, यावर आपल्या घरात आठ दिवस बोलणी चालली होती. शेवटी बाबांनी ‘मुलगी’ लिहिलं आणि पाकीट बंद केलं.”

“मग आजी चिडली?”

“तुला आणलं त्या दिवशी ती खोलीतून बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू रांगत रांगत तिच्या पूजेपाशी गेलीस आणि नैवेद्याची साखर खाल्लीस. तेव्हापासून तिनं तुला आमच्या हाती लागू दिलं नाही.”

भाची खुदकन हसली. “मामी, म्हणजे आमची आजी मरिलाच की!”

त्या रात्री मुक्कामी परतल्यावर भाचीने आपली वही काढली. त्या वहीला घरात ‘माझी गोष्ट’ म्हणतात. तिच्यात संस्थेतला तिचा फोटो आहे, विमानाचे तिकीट आहे आणि दर वाढदिवसाला तिने स्वतः लिहिलेले एकेक पान आहे. आज तिने साखरेची हकिकत लिहिली. दत्तक मुलाला त्याचा पूर्ववृत्तांत लपवून न ठेवता, समजेल अशा शब्दांत लहानपणीच सांगावा, असे या क्षेत्रातले जाणकार आवर्जून सांगतात. अशी वही त्यासाठी फार उपयोगी पडते. आपल्या आयुष्याचे पहिले पान दुसऱ्यांनी लिहिले असले, तरी पुढची पाने आपल्या हातची आहेत, हा विश्वास त्यातून मुलाला मिळतो. आजोळच्या स्वयंपाकघरात बसून लिहिणाऱ्या त्या मुलीला तरी याहून वेगळे काय मिळाले होते?

निरोपाची भेट

ग्रीन गेबल्सच्या आवारात जपानी पर्यटक हमखास भेटतात. कित्येक जपानी जोडपी लग्न करायलाही या बेटावर आली आहेत. इतक्या दूरच्या देशात अ‍ॅन पोहोचली कशी, याची हकिकत कादंबरीइतकीच हृद्य आहे.

हानाको मुराओका या जपानी लेखिकेचा जन्म १८९३ चा. गरीब घरातली ही मुलगी टोकियोत कॅनेडियन मिशनऱ्यांच्या शाळेत शिकली आणि इंग्रजीत पारंगत झाली. तिच्या पतीचा छापखाना होता. १९२३ च्या भूकंपाने तो उद्ध्वस्त केला. १९२६ मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा मिचिओ सहा वर्षांचा होण्याआधीच आजाराने दगावला. घर सुने झाले. पुढे हानाकोने आपल्या धाकट्या बहिणीची मुलगी मिदोरी हिला दत्तक घेतले. मुलांसाठी लिहिणे मात्र तिने थांबवले नाही. स्वतःचे मूल गेले तरी इतरांच्या मुलांना चांगली पुस्तके द्यावीत, असे तिने मनाशी ठरवले होते.

१९३९ मध्ये युद्धाचे ढग जमू लागले आणि लॉरेटा शॉ ही कॅनेडियन मिशनरी मैत्रीण मायदेशी निघाली. जाताना तिने हानाकोच्या हाती आपली ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ची प्रत ठेवली. लवकरच इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली. तरी हानाको बॉम्बवर्षावाच्या दिवसांत गुपचूप भाषांतर करीत राहिली. भोंगा वाजला की मूळ पुस्तक आणि कागद घेऊन ती आसऱ्याला धावे. १९५२ मध्ये ‘लाल केसांची अ‍ॅन’ या अर्थाच्या नावाने ते पुस्तक निघाले. युद्धाने बेचिराख झालेल्या त्या देशात किती मुले पोरकी झाली होती! त्यांना आणि त्यांच्या पिढीला ही पोरकी, पण हार न मानणारी मुलगी आपलीच वाटली. त्याच वर्षी हानाकोने आपल्या राहत्या घरी मुलांसाठी वाचनालय उघडले आणि त्याला मिचिओचे नाव दिले.

१९६८ मध्ये हानाकोचे निधन झाले. या बेटावर ती कधीच आली नाही. पण मिदोरीच्या मुलीने, म्हणजे दत्तक लेकीच्या लेकीने, २००८ मध्ये आपल्या आजीचे चरित्र लिहिले आणि त्यावर आधारलेली मालिका २०१४ मध्ये जपानच्या घराघरांत पाहिली गेली. मैत्रिणीने निरोप घेताना दिलेले एक पुस्तक कुठपर्यंत जाऊन पोहोचले पाहा!

आपल्या घरी

आपल्याकडे ‘दत्तक’ म्हटले की अजूनही वंशाचा दिवा आठवतो. जुन्या हिंदू रूढीत दत्तक घ्यायचा तो सर्वसाधारणपणे मुलगाच. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगी दत्तक घेण्याचा मार्ग मोकळा केला. आज बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या पती-पत्नीला, तसेच एकट्या स्त्रीला किंवा पुरुषालाही मूल दत्तक घेता येते. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी दत्तक घेता येत नाही. त्यासाठी ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. अलीकडच्या वर्षांतल्या सरकारी आकड्यांत मुलांपेक्षा दत्तक गेलेल्या मुलींची संख्या अधिक दिसते. संस्थांत सोडल्या जाणाऱ्यांत मुलीच जास्त असतात, ही कटू वस्तुस्थितीही त्यामागे आहे. पण मागणीच्या कागदावर स्वतःच्या हाताने ‘मुलगी’ लिहिणारी घरेही आता कमी नाहीत.

केव्हा आणि कसे जाल?

बेट पाहायचे तर जून ते सप्टेंबर हे महिने उत्तम. हिवाळ्यात कडाक्याची थंडी आणि बर्फ असते, बरीच ठिकाणे बंदही असतात. टोरांटो किंवा मॉन्ट्रियलहून शार्लटटाउनला विमान मिळते. मोटारीने जायचे असेल तर १९९७ मध्ये खुला झालेला, जवळजवळ १३ किलोमीटर लांबीचा कॉन्फेडरेशन पूल मुख्य भूमीला बेटाशी जोडतो. गंमत म्हणजे बेटावर येताना टोल नाही, तो परत जाताना भरायचा. ग्रीन गेबल्सखेरीज न्यू लंडनमधले लेखिकेचे जन्मघर आणि १९११ मध्ये जिथे तिचे लग्न झाले ते पार्क कॉर्नरचे मावशीचे घर अवश्य पाहावे. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. बटाट्याचे पदार्थ जागोजागी मिळतात आणि इथले आइसक्रीम तर प्रसिद्धच आहे.

परतण्यापूर्वी कॅव्हेंडिशच्या छोट्या दफनभूमीत जरूर थांबावे. लग्नानंतर मॉन्टगोमेरी पाद्री पतीबरोबर ऑन्टारिओत गेली ती कायमचीच. दुसरे बाळ जन्मतःच गेले, पतीला मानसिक आजार जडला आणि तिची स्वतःची अखेरची वर्षेही नैराश्यात गेली. लाखो वाचकांना उमेद देणाऱ्या लेखिकेचे आयुष्य काही गोड शेवटाच्या कादंबरीसारखे नव्हते. एप्रिल १९४२ मध्ये टोरांटोत तिचे निधन झाले. त्यानंतर तिला इथे, तिच्या लाडक्या लाल मातीत आणण्यात आले.

कादंबरीच्या अखेरीस मॅथ्यू गेलेला असतो आणि मरिलाची दृष्टी अधू होत चाललेली असते. तेव्हा कॉलेजची शिष्यवृत्ती सोडून घर सावरायला उभी राहते ती चुकून आलेली अ‍ॅनच. त्या घराने मुलीला आसरा दिला, की मुलीने त्या घराला? ज्यांच्या घरी असे एखादे मूल आले आहे, त्यांना या प्रश्नाचे उत्तर विचारून पाहा. बहुतेक जण नुसतेच हसतील आणि मुलाला हाक मारतील.